विश्लेषण : गोधडीत खरंच नकाशा होता का? अमेरिकेतल्या गुलामांचे गुप्त निरोप कसे जात होते?

कुंपणावर वाळत घातलेली एक गोधडी. तिच्यावर पान्याची नक्षी दिसली की 'हत्यारं गोळा करा', गाडीच्या चाकाची दिसली की 'सामान बांधा' आणि उडत्या हंसांची दिसली की 'उत्तरेकडे निघा'. अमेरिकेतले गुलाम मळ्यांवरून पळताना गोधड्यांवरचा असा सांकेतिक नकाशा वाचत असत, हे सांगणारं एखादं रील किंवा फॉरवर्ड तुमच्याही फोनवर कधी तरी आलं असेल. गोष्ट सुंदर आहे. अडचण एकच, तिला त्या काळातला पुरावा सापडत नाही.

निरोप मात्र खरोखर जात होते, आणि तेही पहारा देणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून. त्यातले काही तर तारखेसह नोंदलेले आहेत. ते वाचले की लक्षात येतं, खरे संकेत रीलमधल्या संकेतांपेक्षा खूप साधे होते. म्हणूनच ते पकडणं अवघड होतं.

लपवाछपवी कशासाठी?

१८६० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत सुमारे ३९.५ लाख माणसं गुलामगिरीत होती. त्यांनी एकमेकांशी काय बोलावं, यावर मालकांचा आणि सरकारचा डोळा असे. १७३९ मध्ये साउथ कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला. त्यात ढोल वाजवून माणसं गोळा केली गेली होती. पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि गुलामांच्या ढोल-शिंगांवर बंदी आली. लिहायला शिकवणंही त्याच कायद्याने गुन्हा ठरलं. १८३१ मध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नर यांचं बंड झालं आणि त्यानंतर दक्षिणेतल्या अनेक राज्यांनी लिहिण्या-वाचण्यावरचे निर्बंध आणखी आवळले. मळ्याबाहेर पाऊल टाकायचं तर मालकाच्या सहीची चिठ्ठी लागे. रस्त्यावर गस्तीवाले ती तपासत.

उत्तरेकडच्या गुलामगिरीमुक्त राज्यांत पोहोचलं म्हणजे सुटलो, असंही १८५० नंतर राहिलं नाही. त्या वर्षीच्या फरारी गुलाम कायद्याने पळालेल्याला आसरा देणाऱ्याला हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास ठेवला. पकडलेल्या माणसाचा फैसला करणाऱ्या आयुक्ताला त्याला परत पाठवलं तर दहा डॉलर मिळत, सोडून दिलं तर पाच. न्याय कुठल्या बाजूला झुकणार, हे कायद्यातच लिहून ठेवलं होतं. त्यामुळे अनेकांना थेट कॅनडा गाठावा लागला.

रूळ नसलेली रेल्वे

पळणाऱ्यांना मदत करणाऱ्या जाळ्याला 'अंडरग्राउंड रेलरोड' म्हणत. त्यात ना भुयार होतं ना रूळ. १८३०-४० च्या दशकांत रेल्वे ही अमेरिकेत नवलाईची गोष्ट होती, तिचीच भाषा या लोकांनी उचलली. आसरा देणारं घर म्हणजे 'स्टेशन', घरमालक 'स्टेशनमास्तर', वाट दाखवणारा 'कंडक्टर' आणि पळणारी माणसं 'प्रवासी' किंवा 'माल'. पैसे देणारे 'भागधारक'.

ही काही मुख्यालय असलेली संघटना नव्हती. बहुतेकांना फक्त पुढचं घर ठाऊक असे. इंटरनेटवरच्या राउटरला डेटाचं पाकीट पुढच्या कोणत्या राउटरकडे द्यायचं एवढंच कळतं, पूर्ण रस्ता त्याच्या हातात नसतो, तसंच काहीसं. एखादा पकडला गेला, मारहाणीत बोलला, तरी त्याच्याकडे सांगण्यासारखं थोडंच असे.

या जाळ्यातलं सर्वांत मोठं नाव हॅरिएट टबमन. मेरीलँडमधल्या डॉर्चेस्टर काउंटीत गुलामगिरीत जन्मलेल्या टबमन १८४९ मध्ये फिलाडेल्फियाला पळाल्या. त्या वर्षी ३ ऑक्टोबरला त्यांच्या मालकिणीने दिलेली जाहिरात आज उपलब्ध आहे. 'मिंटी' आणि तिचे दोन भाऊ पळाल्याचं आणि त्यांना पकडण्याच्या बक्षिसाचं त्यात लिहिलं आहे. भाऊ तेव्हा माघारी फिरले. टबमन एकट्या गेल्या आणि नंतर सुमारे १३ खेपा करून जवळपास ७० जणांना घेऊन आल्या. (१९ खेपा आणि ३०० माणसं हा आकडा अजून फिरतो. तो त्यांच्या पहिल्या चरित्रकार सारा ब्रॅडफर्ड यांच्यापासून आला. अलीकडच्या संशोधकांनी तो कमी केला आहे.)

एक पत्र, जे सगळ्यांनी वाचलं

डिसेंबर १८५४. टबमन यांना फिलाडेल्फियात बातमी लागली की गावी राहिलेले त्यांचे तीन भाऊ, बेन, रॉबर्ट आणि हेन्री, नाताळच्या दुसऱ्या दिवशी विकले जाणार आहेत. निरोप तातडीने पोहोचवायला हवा होता. पण टबमन यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. भावांनाही नाही. शिवाय गुलामांच्या नावाने उत्तरेतून आलेलं पत्र त्यांच्या हातात कोण पडू देणार?

गावात जेकब जॅक्सन नावाचे स्वतंत्र कृष्णवर्णीय गृहस्थ होते, त्यांना वाचता येत असे. त्यांचा दत्तक मुलगा विल्यम हेन्री जॅक्सन उत्तरेत स्थायिक झाला होता. टबमन यांनी एका परिचिताकडून पत्र लिहून घेतलं. पत्ता जेकब यांचा आणि खाली सही विल्यम हेन्री जॅक्सनची. पत्रात इकडचं तिकडचं बरंच होतं. शेवटी घरच्या वडीलधाऱ्यांना प्रेम कळवलं होतं आणि भावांसाठी निरोप होता : देवाच्या स्मरणात जागे राहा, सियोनचं जहाज येईल तेव्हा चढायच्या तयारीत असा.

जेकब यांच्यावर आधीपासूनच संशय होता, त्यामुळे टपाल तपासणाऱ्यांनी पत्र फोडलं. वाचलं. चर्चमधल्या गाण्यात असते तशी भाषा, वावगं काही दिसेना. पण एक गोष्ट खटकली, विल्यम हेन्रीला ना आई-वडील होते ना भाऊ. मग हे भाऊ कोण? त्यांनी जेकब यांनाच बोलावून पत्र पुढे ठेवलं. जेकब यांनी ते वाचलं, त्यांना क्षणात सगळं कळलं, आणि याचा काही अर्थच लागत नाही, हे आपल्यासाठी नसणारच, असं म्हणून त्यांनी पत्र परत केलं. तिथून निघाले ते थेट तिन्ही भावांना सांगायला : हॅरिएट येते आहे.

इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचं तर हे कूटलेखन नव्हे. कूटलेखनात मजकूर असा बदलतात की तो वाचताच येत नाही, पण काही तरी लपवलंय हे बघणाऱ्याला लगेच कळतं. इथे मजकूर सगळ्यांना वाचता येत होता, निरोप आहे हेच लपवलेलं होतं. या प्रकाराला स्टेगॅनोग्राफी म्हणतात. किल्ली कागदावर कुठेच नव्हती. विल्यम हेन्रीला भाऊ नाहीत आणि हॅरिएटला आहेत, हे जेकब यांना माहीत असणं हीच किल्ली. विशेष म्हणजे तपासणाऱ्यांकडे यातली अर्धी माहिती होतीच. उरलेली अर्धी त्यांना जोडता आली नाही, कारण गुलामांची नातीगोती लक्षात ठेवण्याची त्यांना कधी गरजच वाटली नव्हती.

पुढचा प्रसंग टबमन यांनीच ब्रॅडफर्ड यांना सांगितला. बेन आणि हेन्री ठरल्या वेळी आले, रॉबर्टला उशीर झाला. त्याची बायको मेरी बाळंतपणाच्या वेणा देत होती. मुलगी झाली, आणि त्याला तिला टाकून निघावं लागलं.

नाताळच्या दिवशी सगळे आई-वडिलांच्या घराजवळ कडबा ठेवायच्या खोपीत लपले. आई रिट मुलं जेवायला येणार म्हणून स्वयंपाक करून सारखी रस्त्याकडे बघत होती. तिला कळवलं नाही. ती आनंदाने ओरडली असती आणि आजूबाजूच्या झोपड्यांना जाग आली असती. सोबतच्या दोघा परक्या माणसांना पाठवून फक्त वडिलांना हाक मारली. वडील जेवण घेऊन आले, पण त्यांनी मुलांकडे पाहिलं नाही. निघताना सोबत काही अंतर चालले ते डोळ्यांवर रुमाल बांधून. मालकाची माणसं उद्या विचारायला येणार, तेव्हा 'मी माझ्या मुलांना पाहिलं नाही' हे त्यांना शपथेवर सांगायचं होतं.

जाण्याआधी मुलांनी झोपडीच्या फटीतून आईला पाहिलं. ती शेकोटीजवळ पाइप ओढत, डोकं हातावर टेकून बसली होती.

गाण्यांमध्ये संकेत होते का?

होते, पण रीलमध्ये सांगतात तेवढे बारीक नव्हते. फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलामगिरीतून सुटले होते. १८५५ च्या आत्मकथनात त्यांनी लिहिलं आहे की आपण आणि आपले साथीदार 'कनान'ची गाणी म्हणत असू तेव्हा मनात फक्त स्वर्ग नसे, उत्तर दिशा असे. बायबलमधल्या कनान देशाचा हा दुसरा अर्थ गाणाऱ्यांना कळे, ऐकणाऱ्या मालकाला ती फक्त भक्ती वाटे.

टबमन यांनी सांगितलेली पद्धत तर ट्रॅफिक सिग्नलसारखी होती. माणसांना जंगलात लपवून त्या अन्नाच्या शोधात जात. परतताना एक विशिष्ट भजन दोनदा ऐकू आलं तर बाहेर यायचं. मोझेसचं गाणं ऐकू आलं तर जागचं हलायचं नाही, धोका आहे. गाण्यात रस्ता सांगितलेला नव्हता. 'या' किंवा 'थांबा', एवढंच.

याउलट 'फॉलो द ड्रिंकिंग गोर्ड' या प्रसिद्ध गाण्याचं बघा. भोपळ्याच्या डावासारखा दिसणारा तारकासमूह, म्हणजे आपले सप्तर्षी, त्यावरून ध्रुवतारा आणि मग नद्या-टेकड्यांचा रस्ता, असा त्याचा अर्थ लावतात. ताऱ्यांवरून उत्तर शोधणं खरंच होतं. डग्लस यांनी १८४७ मध्ये काढलेल्या वृत्तपत्राचं नावही 'द नॉर्थ स्टार'. पण हे गाणं छापील स्वरूपात पहिल्यांदा आलं ते १९२८ मध्ये, टेक्सासच्या लोकसाहित्य मंडळाच्या प्रकाशनात, आणि आज सगळे म्हणतात ते रूप १९४० च्या दशकातलं. गुलामगिरी १८६५ मध्येच कायद्याने संपली होती.

'चार मोठे हॅम, दोन छोटे'

पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गहून जोसेफ बस्टिल यांनी १८५६ मध्ये फिलाडेल्फियाला कळवलं की चार मोठे आणि दोन छोटे हॅम पाठवले आहेत. मांसाच्या व्यापाराचा निरोप वाटावा असा. प्रत्यक्षात चार मोठी माणसं आणि दोन मुलं. त्यात 'व्हाया' एवढाच एक शब्द जादा होता. त्याचा अर्थ, नेहमीच्या गाडीने नव्हे, रेडिंगमार्गे येत आहेत, तेव्हा दुसऱ्या स्टेशनावर घ्यायला जा. एका शब्दात स्टेशन बदललं.

सगळेच सांकेतिक लिहीत नसत, हेही सांगायला हवं. डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनचे थॉमस गॅरेट यांचं २९ डिसेंबर १८५४ चं पत्र चक्क सरळ भाषेत आहे. हॅरिएट टबमनला सहा पुरुष आणि एका बाईसह पुढे रवाना केलं, हॅरिएट आणि एका माणसाच्या पायातले बूट चालून चालून झिजून गेले होते म्हणून दोन डॉलर दिले, असं त्यात नावानिशी लिहिलंय. खोपीतून निघालेली हीच मंडळी. गॅरेट यांच्यावर १८४८ मध्येच खटला होऊन दंड बसला होता, आता लपवायचं काय, असा त्यांचा खाक्या दिसतो.

आणि बरेचसे निरोप कागदावर आलेच नाहीत. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १९०१ च्या आत्मकथनात 'ग्रेपव्हाइन टेलिग्राफ'चं वर्णन केलंय. मळ्यापासून तीनेक मैलांवरच्या पोस्टात डाक आणायला एखाद्या गुलामाला पाठवत. तो मुद्दाम रेंगाळे, टपाल घेतल्यावर गोरे लोक आपसात काय बोलतात ते ऐके आणि परतताना वाटेत सांगत येई. मोठ्या घरात बातमी पोहोचायच्या आधी ती झोपड्यांत पोहोचलेली असे. यासाठी ना लिपी लागे ना गोधडी. आपल्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला काही कळत नाही, हा मालकांचा समज पुरेसा होता.

खुललेलं गुपित

१८३६ मध्ये डग्लस यांनी पळण्याची पहिली योजना आखली तेव्हा सर्वांसाठी खोट्या चिठ्ठ्या स्वतः लिहिल्या. बेत फुटला. त्यांनी आपली चिठ्ठी आगीत टाकली आणि साथीदार हेन्रीला कानात सांगितलं, तुझी बिस्किटाबरोबर खाऊन टाक. पुरावा पोटात गेला. दोन वर्षांनी, ३ सप्टेंबर १८३८ ला, डग्लस खलाशाच्या वेशात, दुसऱ्याच्या नावाचं कागदपत्र खिशात घालून रेल्वेने निघाले. कागदावरचं वर्णन त्यांच्याशी जुळत नव्हतं, पण वर अमेरिकी गरुड छापलेला होता आणि गार्डने तेवढाच पाहिला. दिवसाच्या आत ते न्यूयॉर्कला पोहोचले.

ही हकिकत त्यांनी सविस्तर छापली ती १८८१ मध्ये. १८४५ च्या पहिल्या पुस्तकात मुद्दाम गाळली होती, आणि पळण्याच्या वाटा जाहीरपणे सांगत फिरणाऱ्या स्वकीयांना त्यांनी चांगलंच फटकारलं होतं.

त्यांची चिडचिड का होती, ते हेन्री ब्राउन यांच्या उदाहरणावरून कळतं. बायको-मुलं विकली गेल्यावर ब्राउन यांनी मार्च १८४९ मध्ये स्वतःला तीन फूट लांब लाकडी खोक्यात बंद करून घेतलं आणि रिचमंडहून फिलाडेल्फियाला पार्सलने पाठवलं. २७ तास. 'ही बाजू वर' लिहिलेलं असूनही वाटेत त्यांना उलटं ठेवलं गेलं. तिथल्या कार्यालयात झाकणावर टकटक करून 'ठीक आहे ना?' विचारलं आणि आतून उत्तर आलं, 'ठीक आहे.' या सुटकेचा गाजावाजा झाला. खोकं पाठवायला मदत करणाऱ्या सॅम्युअल स्मिथ यांनी आणखी माणसं तशीच पाठवायचा प्रयत्न केला, तेव्हा ते पकडले गेले आणि तुरुंगात गेले. गवगवा झाला नसता तर दर वर्षी हजार माणसं अशी सुटली असती, असं डग्लस यांचं म्हणणं.

मग गोधडीची गोष्ट आली कुठून?

१९९९ मध्ये 'हिडन इन प्लेन व्ह्यू' हे पुस्तक आलं, जॅकलिन टोबिन आणि रेमंड डोबार्ड यांचं. साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्स्टनच्या बाजारात गोधड्या विकणाऱ्या ओझेला मॅक्डॅनियल विल्यम्स यांनी सांगितलेली त्यांच्या घरातली परंपरा हा त्याचा आधार. पुस्तक गाजलं, शाळांच्या धड्यांत गेलं. २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळ डग्लस यांच्या स्मारकात गोधडीच्या संकेतांचा उल्लेख येणार म्हटल्यावर इतिहासकारांनी जाहीर आक्षेप घेतला.

त्यांचा मुद्दा साधा आहे. १९३६ ते १९३८ दरम्यान गुलामगिरीत जन्मलेल्या २३०० हून अधिक वृद्धांच्या मुलाखती सरकारी योजनेत घेतल्या गेल्या, सुटून आलेल्या अनेकांनी आत्मकथनं लिहिली. त्यांत गोधड्यांच्या या संकेतभाषेचा पत्ता नाही. तशी गोधडीही उरलेली नाही. आणखी एक शंका कुणालाही सुचेल अशी : चार्ल्स्टनपासून कॅनडापर्यंत शेकडो मैलांतल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी नक्षीचे तेच अर्थ ठरवले कसे? आणि इतक्या लोकांना माहीत असलेला संकेत एकाही मालकाला कळला नाही?

कुटुंबातली आठवण खोटी म्हणून फेकून द्यायची, असं कुणी म्हणत नाही. गुलामांच्या घरातल्या बायका गोधड्या शिवत होत्या, हे पक्कं. या ओढीशी महाराष्ट्र-गोव्याजवळचंही एक नातं आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागात राहणारे सिद्दी हे आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे वंशज. त्यांतल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीज गोव्यातल्या गुलामीतून घाटावरच्या जंगलात पळून आलेले. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची 'कवंडी' शिवतात. तिच्यात नकाशा आहे, असा दावा कुणी केलेला नाही. ती थंडीत पांघरायची असते.

नोंद कुणी ठेवली?

हॅमचा निरोप, गॅरेट यांचं पत्र हे सगळं आज वाचता येतं ते विल्यम स्टिल यांच्यामुळे. फिलाडेल्फियाच्या गुलामगिरीविरोधी संस्थेच्या कार्यालयात ते काम करत. ब्राउन यांचं खोकं उघडलं तेव्हाही ते तिथे होते. ऑगस्ट १८५० मध्ये पीटर नावाचा मध्यमवयीन माणूस आपल्या हरवलेल्या कुटुंबाचा शोध घेत त्यांच्याकडे आला. त्याने आई-वडिलांची नावं सांगितली, लेव्हिन आणि सिडनी. स्टिल ऐकतच राहिले. ती त्यांच्याच आई-वडिलांची नावं होती. सुमारे ४० वर्षांपूर्वी आई पळाली तेव्हा मागे राहिलेला भाऊ समोर बसला होता.

त्यानंतर स्टिल आलेल्या प्रत्येकाची बारकाईने नोंद ठेवू लागले : कुठून आला, मालक कोण, मागे कोण राहिलं. हे कागद पोलिसांच्या हाती लागले असते तर शेकडो माणसं परत साखळदंडात गेली असती. म्हणून ते लपवून ठेवले गेले आणि गुलामगिरी संपल्यावर १८७२ मध्ये पुस्तकरूपाने छापले गेले. पुढच्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुले यांची 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली, गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलेली.

डिसेंबर १८५४ च्या अखेरीला टबमन यांचे तिघे भाऊ स्टिल यांच्या कार्यालयात पोहोचले. पकडले जाऊ नये म्हणून त्यांनी तिथेच रॉस हे आडनाव सोडून स्टुअर्ट हे नाव घेतलं. स्टिल यांनी वहीत नवीन नावं लिहिली, आणि शेजारी जुनी.